पद्मिनीची घाटपरीक्षा

गेल्या चैत्रांत आम्हांस एका खटल्यांत न्यायाधीश व्हावें लागलें. वादी व प्रतिवादी दोघेही घरचेच. आणि आरोपी म्हणून जिला उभें केलें होतें, ती आमच्या अंगणांतील कडुनिंबाच्या सावलींत चाळीसांहून अधिक वर्षें वास्तव्य करून असलेली मोटार होती. आमच्या वडील बंधूंनीं ती १९८१ सालीं, नांव नोंदवून व कित्येक वर्षें वाट पाहून, घेतली. बंधू तीन वर्षांमागें निवर्तले. मोटार राहिली. आतां तिच्या नोंदणीची मुदत संपत आलेली. पंधरा वर्षें उलटलेल्या मोटारीची नोंदणी दर पांच वर्षांनीं नवी करून घ्यावी लागते, हें ज्यांच्या घरीं जुनें वाहन आहे त्या वाचकांस ठाऊकच आहे. ह्या कामाचें शुल्क पूर्वीं सहाशें रुपये होतें. तें २०२२ सालीं पांच हजार झालें, आणि २०२५ सालीं वीस वर्षांवरील मोटारींकरितां दहा हजार. घरांतील धाकट्या पिढीचें म्हणणें असें कीं, दहा हजार भरून लोखंड पोसण्यापेक्षां तें मोडींत द्यावें आणि रिकाम्या जागेंत तीन दुचाकी लावाव्या. पुतण्याचें म्हणणें अर्थातच उलट. वहिनी कांहींच बोलल्या नाहींत. "भाऊजी काय तें ठरवितील," एवढेंच म्हणून त्या जपमाळ घेऊन बसल्या.

आम्हांस मोटारींतील कांहीं कळत नाहीं. सायकलीची निसटलेली साखळी बसविण्यापलीकडे आमची यंत्रविद्या गेलेली नाहीं. म्हणून आम्हीं सांगितलें कीं, आरोपीची आधीं परीक्षा घ्यावी. पुण्याहून जुन्या रस्त्यानें निघून बोरघाट उतरावा, खोपोलीस पोंचावें, आणि त्याच घाटानें वर येऊन दिवस मावळण्याच्या आंत घर गांठावें. आली तर पुढचें बोलूं. न आली तर खोपोलीसच भंगारवाला पाहूं. मनांतून आमचा कल मोडीकडेच होता, हें येथें कबूल केलें पाहिजे.

परीक्षेस पुतण्यानें आपले दोन मित्र आणिले. दर रविवारीं कोणाच्या तरी अंगणांत जमावें, एखाद्या जुन्या मोटारीचें बॉनेट उघडावें, आणि त्यांत डोकीं घालून संध्याकाळपर्यंत एकमेकांची थट्टा करावी, हा ह्या मंडळींचा नेम. त्यांतील एक गृहस्थ साठीच्या जवळ आलेले, कारखान्यांतील फिटरच्या नोकरींतून निवृत्त झालेले. मोटार कारखान्यांतून जशी बाहेर पडली तशीच राहिली पाहिजे, तिचा एक स्क्रूही बदलतां कामा नये, असा त्यांचा आग्रह. दुसरा तिशीच्या आंतबाहेरचा इंजिनियर; त्याच्या मतें मोटार म्हणजे पाट्यावरची चटणी, ज्यानें त्यानें आपल्या चवीनें वाटावी. त्यांचीं खरीं नांवें सांगण्याचें कारण नाहीं. आम्ही मनांतल्या मनांत एकास सनातनी व दुसऱ्यास सुधारक म्हणूं लागलों होतों, येथेंही तसेंच म्हणूं. चालविण्यास पुतण्याची कन्या बसली. वय वर्षें चोवीस. बंधूंनीं हयातींत तिला शेजारीं बसवून हीच मोटार शिकविली होती. "आणि हिच्या बापाला हिचा पहिला गिअर अजून नीट पडत नाहीं," असें सनातन्यांनीं निघण्यापूर्वींच जाहीर केलें. पुतण्या हंसला, त्यानें प्रतिवाद केला नाहीं.

मोटारीविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे, कारण तरुण वाचकांनीं ती पाहिली असली तर टॅक्सीच्या काळ्यापिवळ्या रंगांतच पाहिली असेल. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनीं १९४४ सालीं मोटारी बनविण्यासाठीं कंपनी स्थापिली व पुढें मुंबईस कुर्ल्याला तिचा कारखाना उभा राहिला. तेथें इटलीच्या फियाट कंपनीच्या नमुन्यावरून ही मोटार होऊं लागली. आरंभीं लोक तिला फियाटच म्हणत. १९७० नंतरच्या दशकांत तिचें पद्मिनी असें नामकरण झालें, तें चितोडच्या राणीवरून. चार सिलिंडरांचें १०८९ घनसेंटिमीटरांचें इंजिन, गिअरचा दांडा पायांपाशीं नसून स्टिअरिंगच्या चाकाखालीं, आणि चारही चाकांस ड्रमचे ब्रेक. ह्या शतकाच्या उंबरठ्यावर तिची निर्मिति थांबली. मुंबईची शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्यें वीस वर्षांची वयोमर्यादा संपून निवृत्त झाली, तेव्हां वृत्तपत्रांनीं एखाद्या थोर पुरुषाविषयीं लिहावें तसें तिच्याविषयीं लिहिलें होतें.

पहाटे साडेपांचास किल्ली फिरविली. इंजिन दोनदां खोकलें आणि गप्प बसलें.

"काकूंची अजून झोप झालेली दिसत नाहीं," सुधारक म्हणाला.

"उठेल. तुझ्या गाडीसारखी तिला संगणकाची परवानगी लागत नाहीं," सनातनी उत्तरले.

तिसऱ्या खेपेस इंजिन लागलें. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांमधून आम्ही बाहेर पडलों तों ह्या दोघांची जीभ इंजिनाहून लौकर तापली होती. आम्ही मागच्या बैठकीवर दोघांच्या मध्यें बसलों होतों, आणि महाभारतांतील शल्याची आठवण आम्हांस राहून राहून येत होती. कर्णाचें सारथ्य पत्करून त्यानें वाटभर कर्णाचाच पाणउतारा केला. हे दोघे त्या शल्याचे वंशज, फरक इतकाच कीं, हे एकमेकांचे शल्य आणि एकमेकांचे कर्णही. सुधारकाच्या स्वतःच्या पद्मिनींत ११८ एनई ह्या मोटारीचें ११७१ घनसेंटिमीटरांचें निस्सान पद्धतीचें इंजिन बसविलेलें आहे. गिअर पायांपाशीं आणला आहे, बैठकी दुसऱ्या, दिवे तिसऱ्या.

"तुझ्या गाडींत मूळचें उरलें आहे काय?" सनातन्यांनीं विचारलें. "नंबराची पाटी!"

"तीही नाहीं. सरकारनें नवी लावायला लावली."

ह्यावर पुतण्या व कन्या दोघेंही इतकीं हंसलीं कीं आम्हांस रस्त्याची काळजी वाटली. पण सुधारक थांबला नाहीं. "ह्यांच्या गाडीचें काय सांगूं, गुरुजी? टायरांतली हवासुद्धां एकोणीसशें अडुसष्ट सालची आहे. कोणी भरूं म्हटलें तर भांडतात."

वाचकांस हा नुसता पोरखेळ वाटेल. आम्हांसही प्रथम तसाच वाटला. परंतु थट्टेच्या आड एक जुना तात्त्विक वाद बसलेला आहे, हें तळेगांव येईपर्यंत आमच्या ध्यानांत आलें. मिलिंदपञ्ह ह्या पाली ग्रंथांत भदंत नागसेन राजा मिलिंदास विचारतात कीं, तूं ज्या रथांतून आलास तो रथ म्हणजे काय? चाक म्हणजे रथ काय? आंस म्हणजे रथ काय? दांडी? जूं? राजा प्रत्येकास नाहीं म्हणतो, आणि शेवटीं रथ हें नुसतें व्यवहारापुरतें नांव आहे असें निघतें. नैयायिकांस हें मान्य नाहीं. अवयवांहून निराळा असा अवयवी त्यांच्या मतें खरोखरच असतो. आम्हीं हा वाद मंडळींस थोडक्यांत सांगितला. सुधारक लगेच नागसेनाच्या पक्षास जाऊन मिळाला. सनातनी क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "गुरुजी, तो राजा रथांतून उतरून बोलत होता. घाटांत ब्रेक लागला नाहीं कीं कळतें, चाक म्हणजे रथ कीं नाहीं."

कायदा ह्या वादांत बहुधा सनातन्यांच्या बाजूनें आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें निर्मात्यानें ठरविलेल्या मूळ तपशिलांशीं न जुळेल असा फेरफार वाहनांत करतां येत नाहीं, आणि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही त्याचा तसाच अर्थ लाविला. इंजिन बदलावयाचें तर आधीं परवानगी काढून नोंदणीपुस्तकांत तसें लिहवून घ्यावें लागतें. सुधारकानें तें केलें आहे. उलट पन्नास वर्षें पूर्ण केलेलीं व मूळ स्वरूपांत राखलेलीं वाहनें २०२१ च्या नियमांप्रमाणें प्राचीन म्हणून निराळीं नोंदविलीं जातात, पण मग तीं रोजच्या व्यवहारांत रस्त्यावर आणतां येत नाहींत. आमच्या मोटारीस अजून पन्नास भरलीं नाहींत. म्हणजे ती ना तरुण, ना पूज्य. आमच्या वयाच्या माणसास ही अवस्था समजण्यास अवघड नाहीं.

सनातन्यांनीं आमच्या मोटारीची आधींच्या रविवारीं तपासणी केली होती, आणि तिच्यावर दोन दोषारोप ठेविले होते. एक म्हणजे सुधारकानें पुतण्याच्या सांगण्यावरून बसविलेले कमरपट्टे. मूळ मोटारीस ते नव्हते, म्हणून काढावे. ह्या बाबतींत आम्ही ताबडतोब सुधारकाच्या बाजूस गेलों; जीवरक्षणांत कसलें आलें आहे मूळ स्वरूप? दुसरा आरोप मागच्या दारापाशीं आंतल्या खांबास ठोकलेल्या एका पितळी कडीवर होता. कडी जुन्या कपाटाची. "हा अपभ्रंश कोणी केला?" असें त्यांनीं विचारलें होतें. शब्द त्यांच्या तोंडीं सहज आला, पण आमच्या कानीं तो पतंजलीच्या महाभाष्यांतून आला. गौः ह्या एका शुद्ध शब्दाचे गावी, गोणी, गोता, गोपोतलिका असे किती अपभ्रंश होतात, हें भाष्यकारानें सांगितलें आहे. आम्हीं आयुष्यभर मुलांच्या वहींतले अपभ्रंश तांबड्या शाईनें खोडले. त्या कडीविषयीं आम्हीं त्या वेळीं कांहीं सांगितलें नाहीं.

वडगांव मावळ मागें पडलें. येथें १७७९ सालीं इंग्रजांच्या फौजेनें मराठ्यांपुढें हात टेकले व करार लिहून दिला, हें आम्हीं कन्येस सांगितलें. सुधारकानें लगेच भर घातली कीं, सनातन्यांच्या गाडीनेंही येथेंच हात टेकले होते, मात्र करार झाला नाहीं, ट्रॅक्टरनें ओढून न्यावी लागली. पुढें कामशेत, मळवली, लोणावळें. लोणावळ्यास आम्ही थांबलों नाहीं. तेथील गर्दीविषयीं न लिहिलेलें बरें.

खंडाळ्याशीं मात्र थांबलों. उजव्या हातास दरी, समोर राजमाचीचे दोन बालेकिल्ले, आणि खालीं रुळांची वळणें. पुणें व पनवेल ह्यांस जोडणारा गाडीरस्ता ह्या घाटांतून गव्हर्नर माल्कम ह्याच्या कारकीर्दींत १८३० सालीं खुला झाला. लोहमार्ग १८६३ सालीं पुरा झाला. त्यांत पंचवीस बोगदे खणावे लागले. आजही पुण्याकडे येणाऱ्या गाड्यांस कर्जतेस मागून जास्तीचीं इंजिनें जोडतात, आणि मुंबईकडे उतरणाऱ्या गाड्या ब्रेक तपासण्यासाठीं घाटांत ठरलेल्या ठिकाणीं थांबतात. ब्रेक निकामी होऊन एखादी गाडी सुटलीच तर ती वळवून घेण्यासाठीं डोंगरांत चढाचे निराळे फाटे काढून ठेविलेले आहेत. "आगगाडी इतकी भिऊन उतरते," सनातनी त्या रुळांकडे बोट दाखवून म्हणाले, "आणि आमचे लोक न्यूट्रलमध्यें उतरतात, पेट्रोल वांचवायला!"

येथून पुढें थट्टेचा रोख वाईट चालकांकडे वळला, आणि त्या विषयावर मात्र दोघांचें पूर्ण एकमत होतें. एक हात खिडकीबाहेर टाकून चालविणारा. धुकें पडलें कीं चारही दिवे लुकलुकत ठेवून धांवणारा, जणू स्वतःच्या वरातीस निघाला आहे. समोरच्याच्या डोळ्यांत मोठा दिवा मारून वर त्यालाच शिव्या देणारा. वळणावर मोटार उभी करून माकडांस वेफर्स चारणारा. ह्या शेवटच्या वर्गांत माकडें अधिक शहाणीं, असें कन्येनें मत दिलें.

खंडाळा सोडल्यावर जुना रस्ता व २००२ सालीं खुला झालेला द्रुतगती मार्ग कांहीं अंतर एकमेकांत मिसळतात. येथें रस्त्यावर पूर्वीं १८३० सालचा दगडी पूल होता. त्यावर मलमाची जाहिरात असे, म्हणून सर्व जग त्यास अमृतांजन पूल म्हणे. एप्रिल २०२० मध्यें टाळेबंदीमुळें रस्ता ओस पडला असतां तो सुरुंग लावून पाडण्यांत आला. त्या कमानीखालून आम्ही आईस घेऊन ह्याच मोटारीनें गेलों होतों. पुलाची जागा आली तेव्हां आम्हीं वर पाहिलें; आकाश होतें.

मग खोपोलीची जुनी वाट फुटते आणि खरा उतार सुरू होतो. कन्येनें दुसरा गिअर टाकला व इंजिनानें गुरगुर सुरू केली. ज्या गिअरनें घाट चढावा लागतो त्याच गिअरनें तो उतरावा, हा बंधूंचा नियम आम्हांस तोंडपाठ होता, पण त्याचें कारण आज कळलें. गिअरमध्यें असलेलें इंजिन स्वतःच चाकांस आवरून धरतें. न्यूट्रलमध्यें टाकलें कीं सारा भार ब्रेकवर. ब्रेक घांसून तापतात. ड्रम तापून प्रसरण पावला कीं आंतल्या लायनरपासून दूर जातो, आणि पाय कितीही दाबला तरी पकड येत नाहीं. "आणि पेट्रोलही वांचत नाहीं," सुधारक म्हणाला. "नव्या गाड्यांत गिअरमध्यें राहून पाय काढला तर पेट्रोल अगदीं बंद होतें. न्यूट्रलमध्यें टाकलें तर इंजिन चालू ठेवण्यापुरतें जळतच राहतें. म्हणजे हे लोक पैसे भरून आपले ब्रेक मारतात." सनातन्यांनीं ह्यावर मान डोलाविली. सकाळपासून हा पहिलाच प्रसंग.

तेवढ्यांत मागें हॉर्नचा कल्लोळ झाला. एक पांढरी छोटी मोटार आमच्या पाठीस चिकटली होती. आंधळें वळण, डावीकडे भिंत, उजवीकडे दरी. तरी तिनें बाहेरून मुसंडी मारलीच. समोरून ट्रक आला असतां तर हा लेख दुसऱ्या कोणास लिहावा लागला असता. कन्येनें मुकाट्यानें डावीकडे सरून तिला जागा दिली. "दे, दे," सनातनी म्हणाले, "त्यांना वर जायची घाई आहे."

घाटाच्या उतारावरच शिंगरोबाचें ठाणें आहे. लोककथा अशी कीं, इंग्रजांस घाटांतून वाट सांपडेना, ती शिंगरोबा नांवाच्या धनगरानें दाखविली. बक्षीस काय हवें म्हणून विचारतां त्यानें देशाचें स्वातंत्र्य मागितलें, आणि साहेबानें त्यास गोळी घातली. येथून जाणारे ट्रकवाले आजही नाणें टाकल्याशिवाय पुढें जात नाहींत. आमच्या मंडळींनींही मोटार कडेला घेऊन नाणीं वाहिलीं. सुधारक सर्वांत पुढें होता, हें पाहून आम्हांस गंमत वाटली.

त्यापुढें दोन वळणांवर ती पांढरी मोटार उभी होती. पुढच्या दोन्ही चाकांमधून धूर निघत होता आणि जळक्या वासानें वारा भरला होता. चालक पंचविशीचा पोरगा, पांढराफटक पडलेला. मागें त्याची बायको व मांडीवर मूल. तो पाण्याची बाटली घेऊन चाकाकडे निघाला होता. आतां ह्या पोराची कशी भादरपट्टी होते हें पाहण्यास आम्ही सरसावून बसलों. सनातनी उतरले ते ओरडतच, पण शब्द निराळे होते. "पाणी ओतूं नकोस! तापलेलें लोखंड आहे, तडा जाईल. बाटली बाळाच्या आईला दे." मग त्यांनीं चाकांमागें दगड लावविले, हातब्रेक ओढूं दिला नाहीं, मोटार गिअरमध्यें ठेवविली, आणि त्या पोराबरोबर अर्धा तास कठड्यावर बसून राहिले. सुधारकानें त्यास कोणत्या गिअरनें उतरावें तें दोनदां म्हणवून घेतलें. आम्हीं पाढे म्हणवून घेत असूं तसेंच. ह्या अर्ध्या तासांत एकही थट्टा झाली नाहीं. पोरगा निघून गेल्यावर मात्र सनातनी सुधारकास म्हणाले, "त्याचे ब्रेक तुझ्या बोलण्यापेक्षां लौकर थंड झाले."

खोपोलीस बटाटेवडे व चहा झाला. डोंगरावरून उतरणारे टाटांच्या जलविद्युत् केंद्राचे जाड नळ तेथून दिसतात. १९१५ पासून तें पाणी वीज देत आहे. त्यांचा चहा सुटे भाग मिळविण्याच्या कथांनीं गोड होतो, हें आम्हांस येथें समजलें. नाना पेठेंतील कोणत्या दुकानीं पोटमाळ्यावर अजून न उघडलेले खोके आहेत, कुर्ल्यास कोणत्या ओळींत चांगलें कार्ब्युरेटर मिळतें, ह्या माहितीची देवाणघेवाण ते सराफांनीं हिऱ्यांविषयीं बोलावें तशा हलक्या आवाजांत करीत होते. मुंबईच्या टॅक्सी मोडींत निघत होत्या तोंवर चंगळ होती. आतां तो झरा आटला, असें सनातनी म्हणाले. शिवाय पेट्रोलांत वीस टक्के इथेनॉल मिसळूं लागल्यापासून जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचे पडदे लौकर गळाठतात. आमच्या मोटारीचा पडदा त्यांनीं मागच्या महिन्यांत स्वतःच्या सांठ्यांतून काढून बदलला होता. पैसे घेतले नव्हते. ही गोष्ट पुतण्यानें आम्हांस हळूच सांगितली.

साडेअकरास चढ लागला. ऊन असें कीं डांबर चकाकत होतें. अर्ध्या वाटेवर सिमेंटनें भरलेला ट्रक पुढें आला, आणि केसाच्या आंकड्यासारख्या वळणावर तो जवळजवळ थांबला. दुसऱ्या गिअरमध्यें आमचें इंजिन कुंथूं लागलें. ह्या मोटारीचा पहिला गिअर चालत्या गाडींत सहजीं पडत नाहीं, दांते एकमेकांवर घांसून किंचाळतात. आणि थांबलें तर मागें ट्रकांची रांग. पुतण्यानें डोळे मिटले. कन्येनें क्लच दाबला, दांडा मोकळा केला, क्लच सोडून क्षणभर इंजिन गरजविलें, पुन्हां क्लच दाबला, आणि पहिला गिअर लोण्यांत सुरी जावी तसा आंत गेला. मोटार न थांबतां वळण चढली.

"हें तुला कोणी शिकविलें?" सनातन्यांनीं विचारलें.

"आजोबांनीं. ह्याच वळणावर."

पुढें कोणी कांहीं बोललें नाहीं. पण परीक्षा संपली नव्हती. वरच्या टप्प्यांत वाहतूक तुंबली, पंधरा मिनिटें गोगलगाईच्या गतीनें गेलीं, आणि इंजिन खोकत खोकत बंद पडलें. आम्हांस वाटलें, झालें, निकाल लागला. सुधारक उडी मारून मागच्या वळणाकडे धांवला व हात हलवून वाहनें थोपवूं लागला. पुतण्यानें चाकामागें दगड घातला. सनातन्यांनीं बॉनेट उघडून नळीला बोट लावलें, तें चटकन् काढलें, आणि सांगितलें कीं, कांहीं बिघडलेलें नाहीं. इंजिनास लागून असलेला पेट्रोलचा पंप इतका तापला होता कीं आंतल्या पेट्रोलची वाफ झाली. पंप द्रव ओढतो, वाफ ओढूं शकत नाहीं. उपाय म्हणजे ओलें फडकें. फडकें शोधतां शोधतां सर्वांची दृष्टि आमच्या पिशवींतून डोकावणाऱ्या पंचावर गेली. तो भिजवून पंपावर गुंडाळण्यांत आला. जाणाऱ्या मोटारींतून एकानें मान बाहेर काढून म्हटलें, "आजोबा, संग्रहालयांत ठेवा आतां!" तें मोटारीस उद्देशून होतें कीं आम्हांस, ह्याचा निर्णय झाला नाहीं.

उन्हांत आंत बसवेना म्हणून आम्ही उतरूं लागलों. गुडघे आखडलेले. बाहेर पाय टाकतांना हात आपोआप त्या पितळी कडीवर गेला, आणि कडी हातांत हलली. सनातनी पाहत होते. तेव्हां आम्हीं त्यांस सांगितलें. मोटार आली त्याच वर्षीं आईचे गुडघे धरले. तिला आंत शिरतांना आधार सांपडेना, म्हणून ती येतच नसे. मोटार तुम्हां मुलांची, मला काय करायची आहे, असें म्हणे. एका रविवारीं बंधूंनीं कपाटाची कडी काढली व खांबास बसविली. स्क्रू हातांत घेऊन आम्ही शेजारीं उभे होतों. कोऱ्या मोटारीस भोंक पाडतांना बंधूंचा हात थांबला होता, हेंही सांगितलें. मग आई आळंदीस गेली, देहूस गेली, आणि ह्या घाटानें मुंबईस बहिणीकडे गेली. पुढें बंधूंच्या आजारांत त्याच कडीस धरून त्यांस रुग्णालयांत नेलें.

सनातन्यांनीं कांहीं उत्तर दिलें नाहीं. खिशांतून पेंचकस काढला आणि कडीचे दोन्ही स्क्रू आवळले. एक फिरतच राहिला. त्याचें भोंक सैल झालें होतें. त्यांनीं आगपेटींतील काडी मोडून आंत घातली व पुन्हां आवळला.

पंचवीस मिनिटांनीं मोटार पहिल्या खेपेस चालू झाली. चार वाजतां आम्ही घरीं पोंचलों. अंगणांत धाकटी मंडळी जमली होतीच. वहिनी ओटीवर होत्या. त्यांनीं प्रथम नातीस विचारलें, "पहिला पडला?" नात म्हणाली, "पडला, आजी." वहिनी उठून आंत गेल्या व आमच्यासाठीं पन्हें घेऊन आल्या.

निकाल आम्हीं त्याच ओटीवर दिला. मोटार ठेवावी. शुल्क आमच्या निवृत्तिवेतनांतून जावें. चालवावी नातीनें, निदान पंधरवड्यास एकदां, कारण उभी राहिलेली मोटार चालत्या मोटारीहून लौकर मरते, असें दोन्ही पक्षांच्या तज्ज्ञांचें मत पडलें होतें. कमरपट्टे राहतील. पुढच्या चाकांस डिस्कचे ब्रेक बसवावे ही सुधारकाची मागणी मात्र, परवानगी कोठवर मिळते तें पाहून, तहकूब ठेविली. धाकट्या मंडळींस दुचाकींसाठीं तुळशीमागची जागा दिली. ती अपुरी आहे, हें त्यांचें म्हणणें खरें आहे, आणि त्यावरून अजून कुरकुर चालू आहे.

पुढच्या रविवारीं सनातनी एकटेच आले. बरोबर कागदाची लहान पुडी होती. घाटांत बसविलेली आगकाडी काढून त्यांनीं त्या भोंकांत सागाची खुंटी ठोकली, आणि पुडींतून दोन पितळी स्क्रू काढले. पहिल्या दोहोंपैकीं एक मध्यंतरीं कोणी तरी बदललेला, फुलीच्या डोक्याचा होता. नवे दोन्ही एका चिरेचे होते, जुन्या बाजारांत तीन फेऱ्या घालून मिळविलेले. आम्हीं म्हटलें, एवढा खटाटोप कशाला? कोणताही स्क्रू चालला असता.

"असें कसें, गुरुजी?" ते म्हणाले. "कडी एक्याऐंशी सालची आहे. तिला फुलीचा स्क्रू शोभत नाहीं."